घानातून आलेली हार्ड डिस्क

जून २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. क्रेन शाबूत होत्या, कामगार हजर होते, जहाजंही येत होती. पण कोणता कंटेनर कुणाचा, तो कुठल्या थप्पीत आहे आणि कुठल्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारे कॉम्प्युटर बंद पडले होते. हाताने नोंदी करून माल सोडवण्याची धडपड सुरू झाली. न्हावा-शेव्यात ना आग लागली होती, ना पूर आला होता. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश जहाज वाहतूक समूहाचे सर्व्हर जगभर एकाच दिवशी गेले होते.

सुरुवात झाली युक्रेनमध्ये. तिथे कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम बाहेर पडला. तो एका कॉम्प्युटरच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा, त्यांच्या जोरावर शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचा आणि डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची अनुक्रमणिकाच कुलूपबंद करून टाकायचा. पडद्यावर खंडणीची मागणी झळकायची, पण पैसे भरले तरी डेटा सुटण्याची सोय त्यात नव्हती. नासधूस हाच हेतू होता.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही. बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप सुस्थितीत सापडले. अडलं भलतीकडेच. कंपनीच्या नेटवर्कवर कोण कर्मचारी, त्याचा पासवर्ड काय, त्याला कुठल्या सर्व्हरवर जायची परवानगी आहे, हे सगळं ‘डोमेन कंट्रोलर’ नावाचे खास सर्व्हर ठरवतात. मर्स्ककडे असे सुमारे १५० सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि प्रत्येकजण आपली माहिती बाकीच्यांशी सतत जुळवून घेत होता. एक बिघडला तर उरलेल्यांवरून तो पुन्हा उभा करता येईल, असा हिशेब होता. सगळे एकाच वेळी जातील हे कुणी धरलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचा वेगळा बॅकअप हाती लागेना. आणि डोमेन कंट्रोलर नाही म्हटल्यावर बाकीचे सर्व्हर परत आणूनही उपयोग नव्हता, कारण त्यांत लॉगिनच होणार नव्हतं.

एक डोमेन कंट्रोलर मात्र वाचला होता. हल्ल्याच्या वेळी घानामध्ये वीज गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला होता. त्यावरची काही शे गिगाबाइट माहिती इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या केंद्रात, जिथून दुरुस्ती चालली होती, हवी होती, पण घानाच्या बारीक इंटरनेट लाइनवरून ती पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग घानातला एकजण हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्या कर्मचाऱ्याने ती ताब्यात घेतली आणि तो लंडनला निघाला. त्या डिस्कवरून पहिला डोमेन कंट्रोलर उभा राहिला आणि मग बाकीच्यांचा मार्ग मोकळा झाला. पुढच्या वर्षी दावोसमध्ये मर्स्कच्या अध्यक्षांनी आकडे सांगितले: १० दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० पीसी आणि २,५०० ॲप्लिकेशन्स नव्याने बसवावी लागली. नुकसानीचा अंदाज होता २५ ते ३० कोटी डॉलर.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की मर्स्ककडे डोमेन कंट्रोलरच्या प्रती भरपूर होत्या, पण त्या सगळ्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. जोडलेल्या प्रती रखडण्यापासून वाचवतात. म्हणजे एक डिस्क जळाली तर दुसरी लगेच काम उचलते. चुकीपासून त्या वाचवत नाहीत. मूळ डेटाबेसमध्ये कुणी एखादं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, पुसलं, तर तो पुसण्याचा हुकूम क्षणात प्रतीवरही पोचतो आणि तिथलंही टेबल जातं. बॅकअप म्हणायचं तर ती प्रत मागच्या एका ठरावीक क्षणाची हवी आणि मूळ सर्व्हरचा हात तिथपर्यंत पोचता कामा नये.

अशी प्रत काढणंही वाटतं तितकं सरळ नाही. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करायला गेलं, तर पहिलं पान कॉपी होईस्तोवर शेवटचं पान बदललेलं असतं. म्हणून बॅकअपचं सॉफ्टवेअर आधी डेटाबेसला निरोप देतं: मेमरीत अर्धवट असलेलं डिस्कवर उतरव आणि क्षणभर लिहिणं थांबव. त्या क्षणाचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कचं जसंच्या तसं गोठवलेलं रूप, धरला की डेटाबेस पुन्हा कामाला लागतो आणि कॉपी निवांतपणे त्या स्नॅपशॉटवरून होते. दुसऱ्या दिवसापासून अख्खी डिस्क न उचलता डिस्कचे फक्त बदललेले ठोकळे (तुकडे) उचलले जातात. यात जागा वाचते, पण साखळी तयार होते. मधली एक कडी खराब निघाली तर तिच्या पुढच्या प्रती निरुपयोगी ठरतात.

डेटाबेसकडे आणखी एक हत्यार असतं. प्रत्येक बदल मूळ टेबलात उतरण्याआधी तो एका लॉगमध्ये क्रमाने लिहिला जातो, दुकानात रोजकीर्द लिहून मग खतावणी करतात तसा. हा लॉग दुसरीकडे साठवत राहिलं, तर रविवारचा बॅकअप उघडून त्यावर लॉगमधले व्यवहार एकेक करून चढवता येतात आणि बुधवारी दुपारी चूक झाली त्याच्या मिनिटभर आधी थांबता येतं. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस खरोखर थक्क होतो.

२०१७ मध्येच, ३१ जानेवारीच्या रात्री, प्रोग्रामर जिथे आपला कोड साठवतात त्या गिटलॅब या संकेतस्थळावर जे घडलं त्याचा तपशील कंपनीने स्वतःच जाहीर केला आहे. मुख्य डेटाबेस आणि त्याची प्रत यांच्यातला मेळ तुटला होता. तो पुन्हा बसवण्यासाठी एका इंजिनिअरला प्रतीच्या सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं. पुसण्याची कमांड गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते.

मग बॅकअप शोधायला घेतले. रोज रात्री डेटाबेसची प्रत क्लाउडवर जायला हवी होती, पण तिथली जागा रिकामी होती. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि प्रत काढणारा प्रोग्राम चुकून ९.२ चा उचलला जात होता, म्हणून तो रोज चालू होऊन रोजच बंद पडत होता. बंद पडल्याचे ईमेलही निघत होते, पण त्यांवर हवी ती डिजिटल सही नसल्याने ते नाकारले जात होते. डिस्कचे क्लाउड स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरना लावलेलेच नव्हते. बचाव झाला तो योगायोगाने: चाचणीच्या कामासाठी कुणीतरी सहा तास आधी हाताने एक स्नॅपशॉट काढून ठेवला होता. तो चाचणीच्या स्वस्त, संथ डिस्कवर होता, त्यामुळे तिथून डेटा आणायला जवळपास १८ तास गेले. सहा तासांत तयार झालेले सुमारे ५,००० प्रोजेक्ट, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती कायमची गेली. लोकांचा कोड वेगळ्या सर्व्हरवर असल्याने वाचला.

ते सहा तास आणि ते अठरा तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नियोजनात दोन्ही आधीच ठरवाव्या लागतात: किती वेळाचं काम गमावलेलं चालेल आणि किती वेळ बंद राहिलेलं चालेल. पहिलं बॅकअप किती वेळा काढता यावर ठरतं. दुसरं बरंचसं साध्या गणितावर. सेकंदाला एक गिगाबिटच्या लाइनवरून १० टेराबाइट आणायचे तर लाइन पूर्ण वेगाने चालली तरी २२ तास जातात. म्हणूनच डिझास्टर रिकव्हरीची, म्हणजे संकटानंतर यंत्रणा पुन्हा उभी करणारी, आजची सॉफ्टवेअर एक युक्ती करतात. डेटा परत येण्याची वाट न पाहता सर्व्हर थेट बॅकअपच्या साठ्यावरूनच चालू करतात. लोक काम सुरू करतात, सर्व्हर थोडा हळू चालतो आणि मागच्या मागे डेटा मूळ डिस्कवर सरकत राहतो.

हल्ला झाला असेल तर घाई करूनही चालत नाही, कारण घुसखोर कदाचित बॅकअपच्या आधीपासूनच आत बसलेला असतो. म्हणून आधी बाहेरच्या जगाशी न जोडलेलं स्वच्छ नेटवर्क उभं करतात. त्यात डोमेन कंट्रोलर, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारी ॲप्लिकेशन्स, आणि सर्वांत शेवटी कर्मचारी. डोमेन कंट्रोलर उठला की लॉगिनची तिकिटं (नेटवर्कवर वावरण्याचे डिजिटल परवाने) देणाऱ्या अंतर्गत खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो. एकदा बदलून भागत नाही, कारण ही यंत्रणा आधीचा एक पासवर्डही ओळखते आणि चोराने बनवलेलं तिकीट त्यावर चालून जातं.

प्रत ठेवायची कुठे, हा प्रश्न १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये सर्व्हर भाड्याने देणाऱ्या ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा अनेकांसमोर आला. ज्यांचे सर्व्हर आणि बॅकअप एकाच आवारात होते, त्यांच्यातल्या कित्येकांचं दोन्ही गेलं. एक प्रत दुसऱ्या गावात आणि एक प्रत अशी, जी ठरलेली मुदत संपेपर्यंत ॲडमिनलाही पुसता येत नाही, एवढं तरी हवंच.

आणि प्रत्यक्ष रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपवरून सर्व्हर परत उभा करून, पाहायला हवं. बरीच सॉफ्टवेअर हे रात्री आपोआप करतात: बॅकअपवरून सर्व्हर एका बंदिस्त नेटवर्कमध्ये चालू करतात, डेटाबेसला एखादा प्रश्न विचारतात, उत्तर आलं का ते नोंदवतात आणि सर्व्हर बंद करतात. रिपोर्टमध्ये नुसती हिरवी खूण पुरत नाही. सर्व्हर चालू करायला घेतल्यापासून पहिलं लॉगिन होईपर्यंत किती मिनिटं लागली, तो आकडा दर तीन महिन्यांनी लिहून ठेवला, तर डेटा वाढेल तसा तो कसा फुगत जातो तेही दिसतं, आणि लाइन वाढवायची की साठा बदलायचा हे सर्व्हर पडण्याआधी ठरवता येतं.