सगळी चिन्हं अधिक, म्हणून सिस्टिम स्टेबल?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या खोलीवर सीनियरांच्या कंट्रोल सिस्टिम्सच्या झेरॉक्स नोट्स पिढीजात चालत आल्यात. त्यात लाल पेनानं चौकट केलेलं वाक्य: ‘कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशनचे सगळे सहगुणक धन, की सिस्टिम स्टेबल.’ (म्हणजे ज्याच्या मुळांवरून सिस्टिमचं वागणं ठरतं ते समीकरण; आणि स्टेबल म्हणजे धक्का बसला तरी पुन्हा शांत होणारी.) हे दुसऱ्या घातापर्यंतच खरं. पुढे ती अट आवश्यक असते, पुरेशी नाही.

एस³ + एस² + २एस + ८ घ्या. कसं गोड दिसतंय! आता गणितज्ञ राउथचा तक्ता मांडा, म्हणजे मुळं न काढता नुसत्या सहगुणकांवरून स्टेबिलिटी तपासायची रीत. पहिला स्तंभ: १, १, −६, ८. चिन्ह दोनदा बदललं, म्हणजे दोन मुळं उजव्या अर्ध्या प्रतलात, त्यांचा वास्तव भाग धन; सिस्टिम अनस्टेबल. पटत नसेल तर अवयव पाडा: (एस + २)(एस² − एस + ४). तो मधला वजा गुणाकारात लपून बसला होता. राउथनं हे १८७७ मध्येच मांडलं. व्हायव्हात मात्र आम्ही अजून लाल चौकटच म्हणून दाखवतो.