गाठ काढली, मग लाईट कायले?

"गाठ तं काहाडली नं जी, मंग आता लाईट कायले?" यवतमाळकडच्या एका गावात एका बाईंनी मला विचारलं होतं. लाईट म्हणजे रेडिएशन, कॅन्सरवरचा किरणांचा उपचार. नवऱ्याच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन महिना झालेला, टाके सुकलेले आणि वावरात कापूस फुटून पांढरा झालेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा सुटला होता, पण वेचणी थांबत नव्हती.

गालाची गाठ काढताना सर्जन भोवतालचं सेंटीमीटरभर चांगलं मांसही कापतो आणि सहसा मानेतल्या लसिकाग्रंथीही काढतो, कारण तोंडाचा कॅन्सर पसरतो तो आधी मानेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलने 2015 साली सुमारे 500 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांमध्ये हेच प्रमाण 67.5 टक्के होतं.

काढलेला भाग मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गाठ लहान, कडा स्वच्छ, ग्रंथी कोऱ्या असतील तर बहुधा लाईटची गरज नसते. पण ग्रंथींत कॅन्सर सापडला, जबड्याच्या हाडात शिरलेला दिसला किंवा कापलेल्या कडेपाशी पेशी आढळल्या, तर डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आत उरलं असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी लाईट. ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं.

हे किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. चांगल्या पेशी पुढच्या दिवसापर्यंत बरीचशी डागडुजी करून घेतात, कॅन्सरच्या पेशींना ती नीट जमत नाही. म्हणून 60 ग्रेचा (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप) डोस एकदम न देता रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असा 30 वेळा देतात. चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून दहा-पंधरा मिनिटं स्थिर पडायचं. त्या वेळी काही दुखत नाही, आणि घरी परतलेल्या माणसाजवळ नातवंडं बिनधास्त बसू शकतात.

आता थोडा हिशेब करू. एक सेंटीमीटरच्या गाठीत ढोबळमानाने 100 कोटी पेशी असतात. समजा, प्रत्येक लाईटला त्यातल्या निम्म्या मेल्या. 100 कोटींचे 50, मग 25... असं 30 वेळा निम्मं केलं की साधारण एक पेशी उरते. शेवटच्या पाच लाईट चुकवल्या, तर एकीऐवजी तीसेक. प्रत्यक्ष शरीर इतकं सरळ नसतं आणि ऑपरेशननंतर पेशीही फार कमी उरलेल्या असतात, पण तत्त्व हेच. त्यात भर म्हणजे, साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी जास्त वेगाने वाढू लागतात. निंदण अर्धवट सोडलेल्या वावरात कुंदा पुन्हा उसळतो, तसं.

आणि नेमका हाच काळ तोंड सोलून निघण्याचा! भाकरी गिळवत नाही, लाळ आटते, चव जाते, ठेचा तर लांबच. "थोडं बरं वाटू द्या, मग येतो," असं म्हणून माणूस गावी निघतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हा त्रास उपचार फसल्याचा नसतो आणि त्यावर इलाज असतो: दुखण्याचं औषध, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पातळ वरण-भात, दूध, अंडं. गिळणं अगदीच बंद झालं तर नाकातून नळी. नळी म्हटली की घरचे घाबरतात, पण वजन टिकवून उपचार पुरे करायला ती मोठा आधार असते.

म्हणून सेवाग्राम किंवा नागपूरला लाईट सुरू होण्याआधीच सहा आठवडे राहायचं कुठे, वेचणी कोण सांभाळणार, हे घरात ठरवून टाका. किडलेले दात आधीच दाखवा, कारण लाईटनंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, अशी भीती असते. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा. दिवाळीची सुट्टी आली, मशीन बंद पडलं किंवा ताप आला म्हणून दिवस चुकला, तर गप्प बसू नका, डॉक्टरांना विचारा. शनिवारी लाईट देऊन किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा देऊन तो दिवस पुष्कळदा भरून काढता येतो.