खालची बाजू वाकडी तर वरचीही वाकडी: थिकनेसर घेण्याआधी

पुण्यात जुना वाडा पाडला की त्यातलं सागवान जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे येतं. तुळया, दारं, फळ्या, सगळं. दोन वर्षांपूर्वी मी तिथून चार फळ्या आणल्या, साडेतीन फूट लांब, १० इंच रुंद, साधारण ३१ मिमी जाड. वरून काळपट मेणचट थर, पण कोपऱ्यावर जरा रंधा मारला की आत मधासारखा रंग आणि तो सागाचा चामड्यासारखा वास, ज्याने एकदा घेतलाय त्याला विसरता येत नाही. थिकनेसर, म्हणजे फळी रंधून सारख्या जाडीची करणारं मशीन, नवाकोरा आला होता, म्हटलं आता कशाला हात दुखवायचे, घातली पहिली फळी आत. फळीला मधोमध ५-६ मिमी बाक होता, वाटलं दोनचार वेळा फिरवली की जाईल. फिरवत राहिलो. ३१ ची २६ झाली, २६ ची २२, शेवटी १९ मिमी उरली, पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, आणि बाक जसाच्या तसा.

आमच्या गल्लीत एक वयस्कर सुतार काका आहेत, त्यांनी फळी डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "अहो, हे मशीन खालची बाजू बघून वरची करतं. खालची वाकडी तर वरची वाकडी."

मशीन घेण्याआधी एवढं एक वाक्य नीट कळलं पाहिजे, बाकीचं त्यातून आपोआप येतं. थिकनेसरच्या आत खाली एक सपाट टेबल, वर फिरणारा पात्यांचा दंड आणि त्याच्या पुढेमागे दोन रोलर असतात. रोलर स्प्रिंगच्या जोराने फळी टेबलावर दाबून धरतात आणि पुढे ओढतात, पाती वरचा थर काढतात. म्हणजे टेबल आणि पाती यांच्यातलं अंतर ठरलेलं, त्यामुळे फळी सगळीकडे सारख्या जाडीची होते, पण सारखी जाडी म्हणजे सरळ नव्हे. केळ्याचा आकारसुद्धा सारख्या जाडीचा असू शकतो! माझ्या मशीनचं टेबल जेमतेम फूटभर लांब, त्यावर साडेतीन फुटांची वाकडी फळी त्या बाकाच्या वळणानेच पुढे सरकते. आणि फळी आडवी पन्हळीसारखी वळलेली असेल तर रोलर तिला तेवढ्यापुरती दाबून सपाट करतात, पाती वरून कापतात, आणि बाहेर पडताच फळी परत उसळून आपल्या मूळ आकारात येते.

म्हणून आधी एक बाजू सपाट पाहिजे. त्यासाठी दुसरं मशीन असतं, जॉइंटर किंवा सरफेस प्लेनर. त्यात पाती खाली असतात, वरून दाबणारं काहीच नसतं, फळी आपण हाताने पुढे सरकवतो. कमी बजेटमध्ये ही दोन्ही कामं करणारं कॉम्बो मशीन मिळतं, वरून जॉइंटर, खालून थिकनेसर, साधारण १५०० वॅटचं, २०४ मिमी म्हणजे ८ इंच रुंदीचं. कागदावर फार छान वाटतं. पण वरचं टेबल दोन्ही बाजू मिळून अडीच फुटांच्या आसपास, त्यावर चार फुटांची फळी सरळ करायची म्हणजे कसरत, आणि १० इंची फळी तर बसतच नाही.

माझं मत विचाराल तर हौसेने काम करणाऱ्याने कॉम्बोपेक्षा नुसता १२-१३ इंची टेबलटॉप थिकनेसर घ्यावा आणि एक बाजू सपाट करायचं काम जुगाडावर सोपवावं. जुगाड असा, की १८ मिमी एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाचा, सरळ पाट घ्यायचा, त्यावर वाकडी फळी ठेवायची, बोटाने चारी कोपरे दाबून बघायचं कुठे डगडगते, आणि जिथे पोकळी आहे तिथे लाकडाच्या बारीक पाचरी सरकवून हॉट ग्लूने चिकटवायच्या. पाचर ठोकायची नाही, नुसती टेकेल इतपतच, ठोकली की फळी वर उचलली जाते आणि सगळं मुसळ केरात. मागच्या टोकाला एक पट्टी स्क्रूने लावायची म्हणजे फळी पाटावरून मागे सरकत नाही. आता हा पाट फळीसकट मशीनमधून काढला की वरची बाजू खरोखर सपाट होते, मग पाट बाजूला, फळी उलटी, आणि दुसरी बाजू नेहमीसारखी. काम सुरू करण्याआधी पेन्सिलीने फळीभर वेड्यावाकड्या रेघा मारून ठेवायच्या, जिथे रेघ शिल्लक तिथे पातं अजून पोचलेलं नाही. माझ्या दुसऱ्या फळीवर सहाव्या फेरीनंतर एका कोपऱ्यात नखाएवढी रेघ उरली होती, सातव्या फेरीत गेली.

पण फळी मुळात वाकते कशामुळे? लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेत ८०% आर्द्रता असेल तर लाकडातला ओलावा हळूहळू १६% च्या आसपास स्थिरावतो, ३०% आर्द्रतेला तो ६% च्या जवळ येतो. म्हणजे पुण्यातला जुलै आणि पुण्यातला एप्रिल. आणि लाकूड सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही, खोडाच्या वलयांच्या दिशेने जास्त, केंद्राकडून सालीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, लांबीत जवळजवळ नाहीच. साग यात फार सभ्य लाकूड, पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुक्यापर्यंत वलयांच्या दिशेने साडेपाच टक्क्यांच्या आसपास आणि केंद्राकडून सालीकडे अडीच टक्के. तरी हिशोब करा, ३०० मिमी रुंद फळी, ओलावा ८ टक्क्यांनी कमी झाला, तर रुंदीत चारेक मिमी जातात. दोन दिशांमधल्या याच फरकामुळे फळी पन्हळीसारखी वळते. त्यातून एकाच बाजूने ५ मिमी काढले तर आतला जरा ओलसर भाग एकीकडून उघडा पडतो आणि रात्रीतून फळी परत वळते. म्हणून दोन्ही बाजूंनी सारखं काढायचं, शेवटच्या मापाआधी २ मिमी शिल्लक ठेवून फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचायच्या, दोनतीन दिवस हवा लागू द्यायची, आणि मगच शेवटचा हात.

आता पृष्ठभागाबद्दल. फिरणारं पातं खरं तर सपाट कापत नाही, चमच्याने श्रीखंड काढावं तसे बारीक बारीक खळगे काढत जातं. दंड मिनिटाला ८,००० फेरे घेतोय, पाती दोन, म्हणजे मिनिटाला १६,००० काप, आणि फळी मिनिटाला ८ मीटर सरकतेय, तर दोन कापांत अर्ध्या मिमीचं अंतर पडतं. दंडाचा व्यास ४८ मिमी धरला तर खळग्याची खोली येते जेमतेम एक हजारांश मिमीच्या वर, बोटाला कळणारही नाही. पण दोनपैकी एक पातं केसभर वर बसलं असेल तर शेवटचा काप तेच एकटं करतं, अंतर दुप्पट होतं आणि खोली चौपट, कारण खोली अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते. वॉर्निश मारल्यावर तिरप्या उजेडात लाटा दिसतात त्या बऱ्याचदा याच. पाती बदलताना घाई करू नका हे मी कळकळीने सांगतो.

लाटांपेक्षा जास्त जीव जातो तो रेषे उपटल्यावर. पातं लाकडात शिरतं तेव्हा पुढची ढलपी तरफेसारखी उचलली जाते, रेषे वरच्या दिशेने उठत असतील तर ती ढलपी पृष्ठभागाबाहेर सुटते आणि काम स्वच्छ होतं, खाली उतरत असतील तर पात्याच्या पुढेच लाकूड खोलवर चिरतं आणि खड्डा पडतो. फळीच्या कडेकडे बघून रेषे कुठे चढतात ते ओळखायचं आणि त्या हिशोबाने तोंड फिरवायचं, मांजराच्या पाठीवरून केसांच्या दिशेने हात फिरवावा तसं. गाठीपाशी रेषे दोन्हीकडे वळतात, तिथे काहीही केलं तरी एक बाजू उलटीच, मग एका फेरीला पाव मिमीपेक्षा जास्त काढायचं नाही. पातं धारदार पाहिजे हे तर आलंच, आणि सागात नेमकी तीच अडचण आहे, सागाच्या पेशींत सिलिका असते, म्हणजे वाळूतला पदार्थ, ती साध्या हायस्पीड स्टीलच्या पात्याची धार पटापट खाते.

म्हणूनच घेताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो, याची पाती सुटी मिळतात का, कुठे मिळतात, आठवड्यात येतात का. स्वस्त मशीन फार छान चालतं, पण पाती मिळेनाशी झाली की ते भंगार. दोन्ही कडांना धार असलेली, उलटून वापरता येणारी पाती असतील तर उत्तम. छोट्या चौकोनी कार्बाइड (फार कठीण धातू) तुकड्यांचा हेलिकल दंड, म्हणजे तुकडे मळसूत्रासारखे बसवलेला, असेल तर आवाज कमी आणि गाठीवर काम जास्त स्वच्छ, पण त्यासाठी बजेट ताणू नका, आधी साध्या पात्यांवर हात बसू द्या. हॉर्सपॉवरचे आकडे सोडून द्या, वॅट बघा. १५०० वॅटला २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर लागतात आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट, म्हणजे पंख्याच्या ६ अँपिअरच्या प्लगवर नाही, १६ अँपिअरच्याच पॉइंटवर, आणि एक्स्टेन्शन असेल तर २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरचं. कारखान्यातलं जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका, ते बहुतेक थ्री फेजचं निघतं आणि आपल्या घरात सिंगल फेज.

फळीच्या टोकांना दोनतीन इंचांत खोलगट खाच पडते ती मशीनची खराबी समजून लोक परत करायला निघतात. फळी आत शिरताना आणि बाहेर पडताना एकाच रोलरच्या ताब्यात असते, बाहेरचं टोक वजनाने लोंबतं, आतलं टोक पात्यात उचललं जातं, म्हणून ती खाच. लांब फळीचं बाहेरचं टोक हाताने जरासं उचलून धरलं की खूप कमी होते, आणि फळ्या एकामागोमाग एक टेकवून घातल्या तर खाच फक्त पहिलीच्या तोंडाला आणि शेवटचीच्या शेपटीला पडते. मी दोन्ही टोकांना तीन-तीन इंच जास्तीचं लाकूड ठेवतो आणि शेवटी कापून टाकतो.

जुन्या लाकडात तुटलेले खिळे असतात, वरून दिसत नाहीत, भोवती लाकूड निळसर काळं पडलेलं दिसलं की तिथे लोखंड आहे असं समजा. जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवला की तो ओढला जातो. जुन्या दारांवरचा ऑइलपेंट तर मशीनमध्ये घालूच नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या थरात शिसं किती असेल सांगता येत नाही, आणि मशीन त्याची पूड करून हवेत सोडतं. लाकडाचा भुसाही साधा समजू नका, कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने, आयएआरसीने, त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. चांगला मास्क, कानाला मफ, आणि फूटभरापेक्षा आखूड तुकडा आत घालायचा नाही, तो दोन्ही रोलरच्या मध्ये सुटतो आणि पाती त्याला गोळीसारखा मागे फेकतात. त्यामुळे फळीच्या बरोब्बर मागे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, आणि फळी अडकली म्हणून वाकून आत तर कधीच बघायचं नाही, आधी प्लग काढायचा.

त्या चारपैकी तीन फळ्या पाटावर घालून सरळ झाल्या, २४ मिमीला थांबलो, चारी कोपऱ्यांना कॅलिपर लावला तर फरक ०.१ मिमीच्या आत. त्याचं आईसाठी देवघराखालचं बैठं कपाट केलं. पहिली, १९ मिमीवाली, आडवी कापून तिचे फूट-फूट लांबीचे तुकडे केले, कारण आखूड तुकड्यात बाक अर्ध्या मिमीवर येतो, आणि ते त्याच कपाटाच्या आत कप्पे म्हणून बसले.