लाइव्ह व्हिज्युअल्सचं सॉफ्टवेअर : आजच्या निवडीमागचा इतिहास

संगीताबरोबर पडद्यावर थेट चित्रं चालवायला रेझोल्यूम घ्यावं की व्हीडीएमएक्स, टचडिझायनर शिकायला वेळ द्यावा की आयसाडोरावर भागवावं, ही चर्चा सुरू झाली की बहुतेक वेळ जातो तो इफेक्टची यादी, लेयरची संख्या आणि लायसन्सची किंमत यांवर. कार्यक्रम ऐन रंगात असताना चित्र अडखळतं ते मात्र वेगळ्याच कारणांनी. क्लिप कोणत्या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत) आहे, ती उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो की ग्राफिक्स कार्ड, आणि एका प्रोग्राममधलं चित्र दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेनं पोचतं, या तीन गोष्टींवर सगळा डोलारा उभा असतो. या तिन्हींचे निर्णय साधारण २००५ ते २०२० या काळात झाले. त्यांतले काही व्हीजेंनी, म्हणजे ही चित्रं चालवणाऱ्यांनी, स्वतः घेतले, काही त्यांच्यावर लादले गेले.

त्याआधीचं थोडक्यात. १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कमधल्या रॉक मैफलींत काचेच्या बशीतलं रंगीत तेल-पाणी ओव्हरहेड प्रोजेक्टरवर हलवून पडदा जिवंत ठेवला जाई. १९७०च्या दशकात ॲनालॉग व्हिडिओ सिंथेसायझर आले. शिकागोत बनलेल्या अशा एका यंत्राचे आराखडे त्याच्या कर्त्यानं कुणालाही नकलून घेऊ दिले आणि लोकांनी ते पाहून आपापली यंत्रं जोडली. या क्षेत्रात मोकळेपणाची जी परंपरा पुढे वारंवार दिसते, तिचं मूळ मी तिथं मानतो.

व्हिडिओ मिक्सरच्या काळातला खरा पेच सिंकचा होता. दोन व्हीसीआर स्वतंत्रपणे चालत असले की त्यांच्या फ्रेम एकाच क्षणी सुरू होत नाहीत. असे दोन सिग्नल सरळ मिसळले तर चित्र फाटतं किंवा वरखाली लोळतं. येणारा सिग्नल डिजिटल मेमरीत धरून त्याची वेळ जुळवणारे मिक्सर आवाक्यात आले, तेव्हा क्लबमध्ये दोन टेपांचं मिश्रण सहज करता येऊ लागलं. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला चार इनपुटांचा व्ही-४ हा मिक्सर व्हीजेंच्या टेबलावर सर्रास दिसू लागला. लिव्हर ओढला की चित्र त्याच क्षणी बदलणार आणि यंत्र मध्येच बंद पडणार नाही, या दोन अपेक्षा या मिक्सरांनी रुजवल्या. सॉफ्टवेअरला पहिली कित्येक वर्षं त्या पुऱ्या करता आल्या नाहीत. म्हणून लॅपटॉप आल्यावरही मिक्सर हटला नाही. दोन लॅपटॉप आणि मध्ये मिक्सर अशी मांडणी असे. एक अडकला तर दुसऱ्यावर उडी मारायची.

सॉफ्टवेअरची सुरुवात १९९०च्या दशकातली. ॲमस्टरडॅममधल्या एका प्रायोगिक संगीताच्या स्टुडिओत इमेज/इन तयार झालं. १९९९ साली मॅक्स या संगीताच्या पॅचिंग (चौकोन तारांनी जोडण्याच्या) प्रोग्रामला व्हिडिओ जोडणारा नाटो हा संच आला आणि थोड्याच वर्षांत जिटरनं त्याची जागा घेतली. सगळं काम प्रोसेसरवर चालत असल्यानं ३२० बाय २४० हे तेव्हाचं नेहमीचं रेझोल्यूशन होतं. आजच्या १९२० बाय १०८० च्या एका फ्रेममध्ये त्याच्या बरोबर २७ पट पिक्सेल असतात.

याच काळात दोन घराणी वेगळी झाली आणि ती अजून वेगळीच आहेत. एकात क्लिपांची जाळी समोर असते, कळ दाबली की क्लिप सुरू होते, लेयर एकावर एक चढतात. रेझोल्यूम, मॉड्युल८, आर्केऑस ही या घराण्यातली. दुसऱ्यात कोरा कॅनव्हास मिळतो आणि चौकोन तारांनी जोडत यंत्रच बांधावं लागतं. मॅक्स आणि जिटर, व्हीव्हीव्हीव्ही, टचडिझायनर ही तिथली नावं. आयसाडोरा न्यूयॉर्कच्या एका नृत्यसंस्थेच्या गरजेतून उगवलं, त्यामुळे त्याच्या तारा नर्तकाच्या हालचालींशी आणि रंगमंचाच्या क्यूंशी (इशाऱ्यांशी) जुळलेल्या आहेत. टचडिझायनरचं मूळ हुडिनी या त्रिमिती ॲनिमेशनच्या प्रोग्राममध्ये आहे आणि त्याची विचार करण्याची पद्धत आजही तिकडचीच वाटते. व्हीडीएमएक्स या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतं: मांडणी आपली आपण करायची, पण सुरुवात शून्यापासून नाही. रोज वेगळ्या डीजेबरोबर सहा तास चालवायचं असेल तर पहिलं घराणं, एकच प्रयोग महिनोन्‌महिने घडवायचा असेल तर दुसरं, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट करणारे हुशार लोक आहेत, पण त्यांना त्याची किंमत झोपेत मोजावी लागते.

या घराण्यांमध्ये पूल बांधण्याचा पहिला प्रयत्न फ्रीफ्रेमचा. एक इफेक्ट एकदाच लिहायचा आणि तो अनेक प्रोग्राममध्ये चालायचा, अशी ही प्लगिनची (प्रोग्रामला वरून जोडायच्या तुकड्यांची) खुली पद्धत व्हीजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीच आपसांत ठरवली. आधी ती प्रोसेसरपुरती होती, नंतरच्या एफएफजीएल आवृत्तीत ग्राफिक्स कार्डापर्यंत गेली. मॅकवर २००५ साली टायगर या आवृत्तीबरोबर क्वार्ट्झ कंपोझर आलं. प्रोग्रामिंग न शिकता तारा जोडून ग्राफिक्स कार्डावर चित्र निर्माण करता येऊ लागलं आणि त्या कंपोझिशन व्हीडीएमएक्ससारख्या प्रोग्रामना थेट उघडता येत. मॅक हेच व्हीजेचं मशीन, हा समज पक्का झाला तो याच वर्षांत. तो समज पुढे महागात पडला.

आता कोडेक. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४मुळे व्हिडिओ लहान झाले, पण ते बघणाऱ्यासाठी बनलं होतं. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण चित्र ठेवत नाहीत, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच ठेवतात. सरळ पुढे बघताना हे उत्तम. पण क्लिप उलटी फिरवायची, बीटवर मधल्याच फ्रेमवर उडी मारायची, दोन फ्रेममध्ये घासत राहायची म्हटलं की प्रोग्रामला दर वेळी आधीच्या पूर्ण फ्रेमपासून मोजत यावं लागतं. त्यामुळे जुनेजाणते फोटो-जेपीईजीला धरून राहिले. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. मात्र ती उलगडायला प्रोसेसरच लागतो, आणि हाय डेफिनिशनचे तीन-चार लेयर झाले की तो दमतो.

उत्तर सापडलं खेळांच्या दुनियेत. त्रिमिती खेळांतल्या पृष्ठभागांसाठी १९९०च्या दशकाच्या अखेरीस डीएक्सटी ही कॉम्प्रेशनची पद्धत आली होती. ४ बाय ४ पिक्सेलचा चौकोन ८ बाइटमध्ये बसवायचा आणि ग्राफिक्स कार्डानं तो तसाच, न उलगडता स्वीकारायचा. गणित करून पाहा. १९२० बाय १०८० ची न दाबलेली फ्रेम सुमारे ८.३ मेगाबाइट, सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे जवळपास ५०० मेगाबाइट. तीच डीएक्सटीत सुमारे १ मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला ६२. प्रोसेसरला डिस्कवरून उचलून कार्डाला देण्यापलीकडे फारसं काम उरत नाही. रेझोल्यूमचं डीएक्सव्ही याच तत्त्वावर आलं आणि २०१३ साली हॅप हे मुक्तस्रोत कोडेक आलं. ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचण्याची ही वाट सापडल्यावर लेयरच्या संख्येची चिंता प्रोसेसरवरून डिस्कवर सरकली. फाइली मात्र अवाढव्य झाल्या. शिवाय आकाश किंवा धुक्यासारख्या हळुवार रंगछटांत पट्टे दिसतात. ते टाळायला हॅपचीच हॅप क्यू ही आवृत्ती दुप्पट जागा घेते, आणि मोठ्या एलईडी भिंतीवर ती जागा खर्च करावीच.

इथं ॲपलचा क्विकटाइम बंद करण्याचा निर्णय येतो, ज्यावर अजून एकमत नाही. १९९१ साली आलेल्या क्विकटाइम या व्हिडिओ चालवण्याच्या यंत्रणेची खरी ताकद म्हणजे त्याला बाहेरच्यांनी लिहिलेलं कोडेक जोडता येई. डीएक्सव्ही असो वा हॅप, एकदा मशीनवर बसवलं की संपादनाचा, ॲनिमेशनचा, व्हीजेचा प्रत्येक क्विकटाइम वापरणारा प्रोग्राम ते वाचू-लिहू शके. दोन-चार माणसांच्या छोट्या गटाला अख्ख्या उद्योगात आपलं कोडेक पोचवता येत होतं ते या एका दारामुळे. २०१३ साली मॅकवर क्विकटाइमच्या प्रोग्रामिंगची जुनी वाट कालबाह्य ठरवली गेली. २०१६ साली विंडोजवरच्या क्विकटाइमची देखभाल थांबली, त्यात सुरक्षेच्या त्रुटी उघड झाल्या आणि ते काढून टाकण्याचा सरकारी सल्ला अमेरिकेत निघाला. २०१८ साली सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संपादन प्रोग्रामनी जुन्या ३२-बिट धाटणीच्या क्विकटाइमची साथ सोडली. २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीनं मॅकवर ३२-बिट प्रोग्राम बंद केले आणि त्यांच्याबरोबर क्विकटाइम ७ गेलं. नव्या चौकटीत बाहेरच्या कोडेकना तसं दार ठेवलेलं नव्हतं.

निर्णयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. पंचवीस वर्षांहून जुना, ३२-बिट काळात घडलेला हा कोड, आणि त्यात कुणाचंही कोडेक थेट घुसणार; कुठून आली ते ठाऊक नसलेली फाइल उघडणाऱ्या मशीनवर हे धोक्याचंच. जुनं टिकवायला लागणारी मेहनत नव्या चिपसाठी, नव्या ग्राफिक्ससाठी वापरता येते हेही खरं. पूर्वसूचना तर कित्येक वर्षं आधी मिळाली होती.

तरीही माझा कौल विरोधकांकडे झुकतो. जुनं दार बंद करणं समजू शकतं. त्याच वेळी त्याच्या जागी सुरक्षित असं नवं दार न करणं समजत नाही. ॲपलचं स्वतःचं प्रोरेस हे कोडेक सगळीकडे चालत राहिलं, आणि बाहेरच्यांना प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा एक्स्पोर्टर लिहायची पाळी आली. ॲनिमेशन करणाऱ्या मित्रानं पाठवलेली फाइल कालपर्यंत थेट चालत होती, ती आता एकदा रूपांतर करून घ्यावी लागू लागली. कित्येक व्हीजेंनी कार्यक्रमाचं मशीन मोहावी या कॅटालिनाआधीच्या आवृत्तीवरच गोठवून ठेवलं. हॅप यातून तरलं याचं कारण त्याची रचना आणि कोड दोन्ही खुले होते. एफएफएमपेग या खुल्या व्हिडिओ साधनात ते होतं, आणि ज्याला गरज पडली त्यानं एक्स्पोर्टर लिहिला. डीएक्सव्हीसाठी त्याच्या निर्मात्यांनी स्वतःचा कन्व्हर्टर आणि प्लगिन दिले, आणि ते काम त्यांनी चोख केलं. पण त्या कोडेकचं भवितव्य एका घरावर अवलंबून आहे. सॉफ्टवेअर निवडताना क्लिपांचा दहा वर्षांचा साठा कोणाच्या भरवशावर ठेवतो आहोत हा प्रश्न मी इफेक्टच्या आधी विचारतो, तो यामुळे.

याच सुमारास दुसरा धक्का बसला. २०१८ च्या जूनमध्ये मॅकवर ओपनजीएल ही ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेण्याची पद्धत कालबाह्य ठरल्याचं जाहीर झालं. मॅकचं ओपनजीएल २०१३ पासून ४.१ वरच थांबलेलं होतं, त्यामुळे घोषणा अनपेक्षित नव्हती. पण व्हीजेंचं जवळजवळ सगळं त्यावर उभं होतं. पुढच्याच वर्षी क्वार्ट्झ कंपोझरही कालबाह्यांच्या यादीत गेलं. ओपनजीएल बंद पडलं नाही, २०२० च्या नव्या प्रोसेसरवरही ते चालत राहिलं. तरी प्रत्येक गटाला पाया बदलावा लागणार हे ठरून गेलं. टचडिझायनर २०२२ साली व्हल्कन या नव्या पद्धतीवर गेलं, व्हीडीएमएक्सनं पुढच्या आवृत्तीत मेटल ही ॲपलची पद्धत पत्करली. त्या काळात नवी वैशिष्ट्यं कमी आली म्हणून ओरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. इमारतीत माणसं राहत असताना जोतं बदलण्याचं काम चाललं होतं.

चित्र एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेण्याची गोष्ट मात्र आनंदाची आहे. २०१० साली मॅकवर सायफन आलं. त्याआधी दोन प्रोग्राम एकत्र वापरायचे तर एकाचं आउटपुट केबलनं बाहेर काढून कॅप्चर कार्डातून परत आत घ्यावं लागे. सायफननं ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतली फ्रेमच दुसऱ्या प्रोग्रामला दाखवली. नक्कल नाही, विलंब जाणवत नाही. विंडोजवर तेच काम स्पाउट करू लागलं. २०१५ साली आलेल्या एनडीआयनं नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनपर्यंत चित्र नेलं. त्यात कॉम्प्रेशन आहे आणि थोडा विलंबही, म्हणून बीटवर घट्ट बांधलेल्या लेयरसाठी मी ते टाळतो. एकच प्रोग्राम सर्वगुणसंपन्न हवा हा हट्ट सायफननंतर सुटला. २०११ साली आलेल्या मॅडमॅपरनं मिक्सिंगच्या भानगडीत न पडता मॅपिंगवर (वस्तूच्या आकारावर चित्र बेतून टाकण्यावर) लक्ष दिलं, कारण चित्र दुसरीकडून येणार हे गृहीत धरता येत होतं. टचडिझायनरच्या विनामूल्य आवृत्तीत आउटपुट १२८० बाय १२८० पुरतं मर्यादित असतं आणि ती व्यावसायिक कामासाठी नाही; तरी घरी शिकताना ते चित्र स्पाउटनं रेझोल्यूममध्ये आणून एक लेयर म्हणून तपासता येतं.

इफेक्टच्या बाबतीतही ६४-बिटकडे जाताना अशीच झडती झाली. जुने फ्रीफ्रेम प्लगिन नव्यानं कंपाइल करावे लागले. ज्यांचा सोर्स मिळाला नाही ते संपले. आयएसएफ पद्धतीतले शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) वाचले, कारण ते साध्या मजकुराच्या फाइली आहेत: वर इनपुटांचं वर्णन, खाली जीएलएसएल या शेडरच्या भाषेतल्या काही ओळी. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ओळ बदलली की चालत्या प्रोग्राममध्ये बदल दिसतो, आणि तीच फाइल आयएसएफ वाचणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्येही लागते.