फील्डच्या नावात हायफन का चालत नाही?

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदींमध्ये, अशी ओळ आहे असं समजा: ‘लॉगिन फसलं, युजर-आयडी=४५१२, पत्ता=१०.०.०.५’. आपल्याला त्यातला आयडी चटकन दिसतो, संगणकाला मात्र ती नुसती अक्षरांची रांग. ‘युजर-आयडी= नंतर जेवढे अंक येतील तेवढे उचल’ असा साचा रेगेक्समध्ये (म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये) लिहिला की तो आकडा सुटा होतो. त्याला नाव दिलं की त्याचं फील्ड बनतं, आणि मग कोणाचं लॉगिन किती वेळा फसलं हे मोजता येतं.

साच्यातला जो भाग उचलायचा तो कंसात लिहितात. पूर्वी नावं नव्हती, कंस मोजावे लागत. पहिल्या कंसातलं, तिसऱ्या कंसातलं. मध्ये एखादा कंस घुसवला की पुढचे सगळे क्रमांक सरकायचे. मग पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने सोय केली: उघडत्या कंसानंतर प्रश्नचिन्ह, ‘पी’ आणि कोनी कंसांत नाव. तो ‘पी’ पायथॉनचाच. पर्ल या दुसऱ्या भाषेने २००७ मध्ये ५.१० आवृत्तीत तो गाळला. स्प्लंक या लॉग शोधण्याच्या साधनात रेगेक्सने फील्ड काढणारी ‘रेक्स’ कमांड आहे, तिला दोन्ही पद्धती चालतात.

आता लॉगमध्ये ‘युजर-आयडी’ आहे म्हणून फील्डलाही तेच नाव द्यावं असं कोणालाही वाटेल. दिलं की एरर येते, आणि ती भलत्याच गोष्टीबद्दल तक्रार करते: नाव संपल्याची खूण सापडत नाही! कारण सरळ आहे. रेगेक्स चालवणारं इंजिन नाव वाचताना फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर स्वीकारतं. ‘युजर’पर्यंत ठीक चालतं. पुढे वेगळं चिन्ह आलं म्हणजे नाव संपलं, आता बंद होणारा कोनी कंस हवा, असा त्याचा हिशेब. तिथे त्याला हायफन भेटतो. हा संदेश पाहून लोक तासभर कंस तपासत बसतात.

नावाची सुरुवात अंकाने करता येत नाही. लांबीलाही मर्यादा आहे: पीसीआरई या प्रसिद्ध रेगेक्स लायब्ररीत ती बरीच वर्षं ३२ अक्षरांची होती, अलीकडच्या आवृत्त्यांत १२८ झाली. जावा आणखी कडक, तिथे अंडरस्कोअरसुद्धा चालत नाही. त्यामुळे एका साधनातला साचा दुसऱ्यात जसाच्या तसा चालेल याची खात्री नसते.

पण एरर आली तर नशीब समजा. जेसन स्वरूपातल्या, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहिलेल्या, लॉगमधून स्प्लंकमध्ये फील्ड आपोआप निघतात, तिथे हायफन असलेलं नाव बिनबोभाट आत येतं. समजा फील्डचं नाव ‘प्रतिसाद-वेळ’ आहे. ‘इव्हॅल’ या आकडेमोडीच्या कमांडमध्ये त्याला १००० ने भागायला गेलात, तर स्प्लंक ते ‘प्रतिसाद वजा वेळ’ असं वाचतं. ‘प्रतिसाद’ नावाचं फील्ड नाही, ‘वेळ’ नावाचंही नाही. उत्तर म्हणून रिकामा रकाना. एरर नाही, काही नाही. टिंबाचंही तसंच, कारण ‘इव्हॅल’मध्ये टिंब म्हणजे दोन मजकूर जोडण्याचं चिन्ह. उपाय म्हणजे नाव एकेरी अवतरणचिन्हांत घालायचं. दुहेरी घातलीत तर ते नाव राहत नाही, साधा मजकूर होतो, आणि मग तुलना करताना फील्डच्या किमतीऐवजी ‘प्रतिसाद-वेळ’ हे शब्दच तपासले जातात.

म्हणून मी सरसकट छोटी इंग्रजी अक्षरं आणि मध्ये अंडरस्कोअर वापरतो. छोटी अशासाठी, की फील्डच्या नावात स्प्लंक कॅपिटल आणि स्मॉल वेगळं मानतं: एकाने ‘स्टेटस’चा पहिला ‘एस’ मोठा लिहिला आणि दुसऱ्याने छोटा, तर ती दोन फील्ड. अंडरस्कोअर मध्येच, सुरुवातीला नाही. ती जागा स्प्लंकने वेळ आणि मूळ ओळ ठेवणाऱ्या स्वतःच्या अंतर्गत फील्डसाठी राखली आहे.

पायथॉनमध्ये ग्रुपला, म्हणजे साच्यातल्या कंसाला, चक्क ‘वेळ’ असं मराठी नाव देता येतं. गंमत म्हणजे तिथल्या प्रमाण रेगेक्स लायब्ररीत ‘शब्दातलं अक्षर’ या खुणेने हाच शब्द शोधायला गेलात तर तो मोडतो: ‘व’ सापडतो, ‘ळ’ सापडतो, मधली मात्रा गळून पडते.