सायकल उंच की सीट उंच?

सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकत नाहीत, म्हणून बरेच जण सायकल उंच आहे असं ठरवून टाकतात. पण ही कसोटीच चुकीची आहे. पेडल ज्या आसाभोवती फिरतं, तो आस बहुतेक सायकलींमध्ये जमिनीपासून २७-२८ सेंमी वर असतो आणि क्रँक, म्हणजे पेडलला त्या आसाशी जोडणारा दांडा, साधारण १७ सेंमीचा. म्हणजे पेडल अगदी तळाला आलं तरी जमीन आणखी १०-११ सेंमी खालीच राहते. त्या पेडलवर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा असेल, तर जमिनीला फक्त चवडाच टेकणार. थांबताना सीटवरून पुढे सरकून उतरायचं असतं.

सीटची उंची पेडलवरून ठरवावी. पेडल तळाला आणा, त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो, तो योग्य. सीट याहून उंच असेल तर पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते. पण भीतीपोटी सीट फारच खाली घेणंही बरं नाही. मग गुडघा प्रत्येक फेरीत जास्त दुमडतो आणि दुखणं वाटीपाशी सुरू होतं.

सीट पूर्ण खाली करूनही थोडी उंच वाटते? आधी सीटचा दांडा नळीत खरंच शेवटपर्यंत गेलाय का ते बघा. कधीकधी बाटलीच्या स्टँडचे स्क्रू आतून आडवे येतात. मग सीट तिच्या खालच्या रुळांवर पुढे सरकवा. सीटची नळी तिरकी असल्यामुळे १ सेंमी पुढे सरकवलं की आसापासूनचं अंतर सुमारे ३ मिमी घटतं, शिवाय हँडलही जवळ येतं. १७० मिमीऐवजी १६५ मिमीचा क्रँक बसवला तर तळाचं पेडल ५ मिमी वर येतं आणि वरच्या बाजूला गुडघाही कमी दुमडतो. हँडल अजून लांब वाटत असेल तर आखूड स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमच्या पुढच्या भागाशी जोडणारा तुकडा, लावता येतो.

फ्रेमच्या वरच्या दांड्यापुढे मात्र यातलं काहीच चालत नाही. सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर दांडा आणि जांघ यांच्यात निदान २-३ सेंमी जागा हवी. ५० मिमीऐवजी ४० मिमीचे टायर घातले तर जेमतेम १ सेंमी मिळतो. तेवढ्यानेही दांडा लागतच असेल, तर ती फ्रेम तुमच्या मापाची नाही.