अळिंबीच्या भिंतीपासून द्राक्षावरच्या डाउनीपर्यंत

बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची, वनस्पतीची सेल्युलोजची. शालेय पुस्तकात हा विषय एवढ्यावर आटोपतो. हे एक वाक्य पक्कं व्हायला मात्र ऐंशीहून जास्त वर्षं गेली.

१८११ साली फ्रान्समधल्या नान्सी इथे आंरी ब्राकोनोने अळिंबीवर अल्कलीची प्रक्रिया केली. जे विरघळलं नाही त्याला त्याने ‘फंजिन’ म्हटलं. तेव्हा सेल्युलोज कुणी वेगळं काढलेलंही नव्हतं. ते काम आन्सेल्म पायांने १८३८ मध्ये केलं. त्याआधी, १८२३ मध्ये, ओगुस्त ओदिएला भुंगेऱ्याच्या (आपल्या हुमणीच्याच जातकुळीतला) कडक पंखांत असाच चिवट पदार्थ मिळाला. त्याने दिलेलं कायटिन हे नाव रुळलं आणि ब्राकोनो मागे पडला.

दोन्ही पदार्थ एकच, हे लवकर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बुरशी वनस्पतींतच मोडते हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. वनस्पती, म्हणजे भिंत सेल्युलोजचीच! सेल्युलोजच्या रंगचाचण्या जुळेनात, तर हे ‘बुरशीचं सेल्युलोज’ जरा निराळं असतं, अशी पळवाट निघाली. १८९४च्या सुमारास विंटरश्टाइन आणि जिल्सन यांच्या प्रयोगांनी ती बंद केली. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी. कायटिनची साखळी तशीच जोडलेली, पण तिच्या प्रत्येक कडीवर नायट्रोजन असलेला एक गट असतो. तोच अळिंबीतही निघाला. अर्थात बुरशीच्या भिंतीत कायटिन एकटं नसतं. ग्लुकन (हीही ग्लुकोजचीच साखळी) आणि प्रथिनंही भरपूर असतात.

तरीही सगळ्या सजीवांची पाच सृष्टींत वाटणी करणाऱ्या व्हिटेकरच्या मांडणीत बुरशीला स्वतंत्र जागा मिळायला १९६९ उजाडलं.

भिंतीतल्या या फरकाने काहींना बुरशीच्या गोतावळ्यातून बाहेरही काढलं. द्राक्षबागेत भुरी आणि डाउनी यांना आपण सरसकट बुरशीजन्य रोग म्हणतो. भुरी खरोखरच बुरशीची. डाउनीचा जीव दिसतो बुरशीसारखा, पण त्याच्या भिंतीत सेल्युलोज असतं, कायटिन जवळपास नाहीच; नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या जवळचा. म्हणून सेल्युलोजची भिंत बांधू न देणारं डायमेथोमॉर्फ हे औषध डाउनीवर चालतं, भुरीवर त्याची फवारणी वाया जाते.